दुकानात महिनोन्‌महिने चालवलेला टीव्ही नवीन म्हणून दिला, आता काय करता येईल?

गोदाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. माझे आईवडील जेलरोडला राहतात, वडील प्रेसमधून रिटायर झालेत. त्यांचा जुना टीव्ही बारा वर्षांचा झालेला, खालच्या कोपऱ्यात काळा डाग पडला होता आणि नेमका तिथेच मॅचचा स्कोअर येतो, म्हणून या दसऱ्याला मी आणि भावाने मिळून त्यांना ५५ इंची घेऊन द्यायचं ठरवलं. दुकान नाशिकरोडचंच आहे, नाव इथे लिहीत नाही. वडिलांची तिथे तीस वर्षांची ओळख, आमचा पहिला फ्रिज १९९४ ला तिथूनच आला, नंतर मिक्सर, कूलर, सगळं तिथलंच. टीव्ही ५४,९९० चा, त्यातून जुन्या सेटचे ३,००० वजा. सेल्समन म्हणाला या मॉडेलचा एकच पीस राहिलाय, आत्ता बिल केलं तर दसऱ्याला भिंतीवर लागलेला असेल.

दसऱ्याला सकाळी दुकानाचीच दोन मुलं टेम्पोतून घेऊन आली. कंपनीचा माणूस सणात चार-पाच दिवस येत नाही, आम्हीच लावून देतो म्हणाली. मी पाथर्डी फाट्याहून पोचेपर्यंत खोका खोलून झालेला होता, टीव्ही भिंतीवर होता आणि आई त्याला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहत होती. मला तेव्हाच काहीतरी खटकलं कारण खोक्यावर कंपनीच्या टेपवर ब्राउन टेप मारलेली होती, रिमोटला प्लॅस्टिक नव्हतं आणि सेल आधीच आत घातलेले होते. पण सणाचा दिवस, आई इतकी खुश, म्हटलं असेल काहीतरी.

संध्याकाळी वायफाय जोडायला बसले तर यादीत त्या दुकानाच्या नावाचं वायफाय सेव्ह केलेलं! ब्राइटनेस इतका की डोळे दुखायला लागले आणि दर थोड्या वेळाने खाली फीचर्सची पट्टी सरकत यायची. मेनूत बघितलं तर स्टोअर मोड चालू, म्हणजे दुकानात दाखवायला लावतात ती सेटिंग. मग खुर्चीवर चढून वरची कड बघितली, खाचेत काळी धूळ बसलेली, बोट फिरवलं तर बोट काळं झालं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कंप्लेंट टाकली, पाच दिवसांनी टेक्निशियन आला. त्याने आतला मेनू उघडून दाखवला, पॅनल २,९१४ तास चाललेलं आहे. मी फोटो काढला. जॉबशीटवर, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या म्हटलं तर आधी नाही म्हणाला, मग बराच वेळ समजावल्यावर लिहिलं. दुकान सकाळी १० ते रात्री साडेनऊ उघडं असतं, रोजचे ११ तास धरले तर साधारण २६५ दिवस होतात. मागच्या स्टिकरवर महिना मागच्या नोव्हेंबरचा आहे. म्हणजे जवळजवळ आल्यापासून तो भिंतीवर चालूच होता.

दुकानात फोन केला तर पहिल्यांदा म्हणाले चेक करायला खोलला होता. तासांचा आकडा सांगितला तर म्हणाले मॅडम चालतोय ना, वॉरंटी आहे ना, मग प्रॉब्लेम काय. आणि वडील म्हणतात जाऊ दे, एवढ्या वर्षांची ओळख आहे, त्यांच्या वडिलांपासून आपण तिथून घेतोय, टीव्हीपायी तोंड कशाला वाईट करायचं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे कायद्याने चूक आहे का की मीच उगाच ताणतेय? टीव्ही रिसेट केला तर पुरावा जाईल का? (स्टोअर मोडमुळे आईचं डोकं दुखतं, सहन होत नाहीये.) आणि बिल वडिलांच्या नावावर आहे पण पैसे माझ्या कार्डवरून गेलेत, मग तक्रार कोणी करायची? प्लीज कोणाला अनुभव असेल तर सांगा.


सातपूरचा_बंडू

ताई तुम्ही अजिबात ताणत नाहीये. सगळ्यात आधी रिसेट करू नका. मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ काढा, मागचा सिरियल नंबर, मग बिलावरचा सिरियल नंबर, मग ती वायफायची यादी, स्टोअर मोडचा मेनू आणि धुळीची कड, सगळं एका दमात, मध्ये कट नको. तेवढं झालं की फक्त स्टोअर मोडचा होम मोड करा, त्याला रिसेट लागत नाही, सेटिंगमध्येच असतं, आईंचा त्रास कमी होईल. खोका, थर्माकोल, ब्राउन टेप काहीही भंगारात देऊ नका. आणि दुकानवाले आता म्हणतील आम्ही सेट घेऊन जातो, चेक करून आणतो, तर तसा देऊ नका, लेखी पोच घेतल्याशिवाय घराबाहेर काढू नका.


काउंटरवर_सहा_वर्षं

मी अशाच एका शोरूममध्ये काउंटरला सहा वर्षं होतो, नाशिकमध्येच, आता दुसरं काम करतो म्हणून मोकळेपणाने लिहितो. हे कसं होतं ते सांगतो म्हणजे पुढच्याला कळेल.

भिंतीवर जो पीस लागतो त्याचा खोका कधीच फेकत नाहीत. वरच्या माळ्यावर किंवा गोडाऊनला थर्माकोल, स्टँडचे स्क्रू, मॅन्युअल सगळ्यासकट ठेवलेला असतो, कारण खोक्याशिवाय तो पीस विकताच येणार नाही. मग दसरा-धनतेरसला गर्दी होते, कस्टमरला त्याच मॉडेलचाच पाहिजे, मुहूर्त गाठायचा असतो, गोडाऊन रिकामं, कंपनीची गाडी दोन दिवसांनी येणार. अशा वेळी रात्री शटर खाली ओढलं की वरून सांगतात पीस उतरव. उतरवायचा, स्प्रे मारून पुसायचा, परत त्याच्याच खोक्यात घालायचा, टेप मारायची. सकाळी तो "शेवटचा पीस" होतो. तुम्हाला सेल्समन जे वाक्य बोलला ना, अगदी तेच वाक्य मी पण बोललेलो आहे.

लोकांना वाटतं खोक्यावरचा आणि सेटवरचा सिरियल नंबर जुळला म्हणजे माल नवीन. तसं नाहीये, खोका त्याचाच असतो त्यामुळे नंबर जुळणारच. नंबर जुळण्यावरून फक्त एवढं कळतं की खोका बदललेला नाही. बघायची असते ती टेप. कंपनीची टेप बहुतेक एका लांबीची, सरळ मारलेली असते आणि एकदा ओढली की खोक्याचा पुठ्ठा घेऊन निघते. तिथे पुठ्ठा सोललेला आहे आणि वर दुसरी टेप आहे म्हणजे खोका आधी उघडलेला आहे. खालची बाजू पण बघा, काही जण वरचं सील तसंच ठेवतात आणि खालून खोलतात. आत केबलला तारेचा पिळा असतो, तो कंपनीचा घट्ट आणि एकसारखा असतो, हाताने परत बांधलेला लगेच ओळखू येतो. स्टँडच्या स्क्रूची पिशवी फाटलेली असेल तर विचारा का फाटली.

आणि टीव्ही पहिल्यांदा चालू केला की भाषा विचारतो, देश विचारतो, घरी वापरणार की दुकानात तेही बऱ्याच कंपन्यांचे सेट विचारतात. डायरेक्ट चित्र आलं की समजायचं आधी कोणीतरी चालू केलेला आहे. रिसेट मारून दिला तर मात्र ही खूण जाते, तुमच्याकडे त्यांनी गडबडीत रिसेट मारायचं राहून गेलं एवढंच. पॅनलचे तास साध्या रिसेटने सहसा जात नाहीत, ते आत वेगळे मोजले जातात.

मी असं तीनदा केलं. एकदा देवळाली कॅम्पच्या एका आजोबांना दिला, त्यांनी खिशातून रोख मोजून दिले होते आणि वर मला चहाला शंभर रुपये दिले. ते मला आजही आठवतं. तेव्हा नोकरी होती, टार्गेट होतं, पण चूक ती चूकच. तुम्ही सोडू नका.

डिस्प्ले पीस विकणं यात वाईट काही नाही, मी स्वतः माझ्या घरी डिस्प्लेचा फ्रिज घेतला, दारावर पोचा होता, मस्त कमी किमतीत मिळाला, सात वर्षं चालू आहे. पण तो मला सांगून दिला होता आणि बिलावर लिहिला होता.


ग्राहक_चळवळ_जुना_कार्यकर्ता

काउंटरवाले भाऊ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, आतल्या माणसाने सांगितलं की लोकांना पटतं. आता कायद्याचं मी सांगतो. मी वकील नाही पण ग्राहक चळवळीत बरीच वर्षं आहे, बिंदुमाधव जोशींनी १९७४ ला पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली त्यानंतरच्या पिढीतला कार्यकर्ता.

ताई, तुमचा पहिला प्रश्न, चूक आहे का. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय ते दिलंय. त्यात स्पष्ट लिहिलंय की वापरलेला, दुरुस्त केलेला, नव्यासारखा केलेला किंवा जुना माल नवा आहे असं खोटं भासवणं ही अनुचित प्रथा आहे. हे १९८६ च्या जुन्या कायद्यात पण होतं. म्हणजे टीव्ही बिघडलेला असायलाच पाहिजे असं अजिबात नाही. "चालतोय ना" हे उत्तर इथे लागूच होत नाही, तुम्ही नव्याचे पैसे दिले आणि माल नवा नव्हता, एवढं दाखवता आलं की झालं. तुमच्याकडे तर जॉबशीटवर तास लिहून आहेत, असा पुरावा फार कमी लोकांकडे असतो, ती जॉबशीट जपून ठेवा आणि तिची झेरॉक्सच बाहेर द्या.

रिसेटचं बंडूभाऊंनी सांगितलंच आहे.

बिलाचं. बिल वडिलांच्या नावावर आहे तर तक्रारीवर वडिलांचीच सही घ्या, ते सगळ्यात सरळ. पैसे तुमच्या कार्डवरून गेले म्हणून काही बिघडत नाही, उलट कार्डाचं स्टेटमेंट जोडा. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा सुद्धा कायद्यात ग्राहकच धरलाय. वडिलांना जाणं-येणं झेपत नसेल तर तुम्हाला अधिकारपत्र देऊ शकतात.

आता करायचं काय. एकदम केस करू नका. आधी दुकानदाराला एक पानी पत्र, स्पीड पोस्टाने, शिवाय ईमेल. त्यात तारीख, बिल नंबर, सिरियल नंबर, तासांचा आकडा आणि तुम्हाला काय पाहिजे ते एका वाक्यात, सीलबंद नवा सेट किंवा पूर्ण पैसे परत, १५ दिवसांत. शिवीगाळ नको, "फसवणूक करणारे लोक" वगैरे विशेषणं नकोत, जे घडलं तेवढंच. कंपनीच्या ग्राहक विभागाला त्याची प्रत टाका, कारण कंपनीला आपला डिस्प्ले नवा म्हणून विकला गेलेला आवडत नाही.

त्याच दिवशी १९१५ ला फोन करा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, फोनच्या पैशांची चिंता नको. ते डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, देतात आणि दुकानाला किंवा कंपनीला कळवतात. हे कोर्ट नाही, पण निम्मी भांडणं इथेच मिटताना मी पाहिली आहेत, कारण लेखी आलं की समोरचा माणूस वेगळं बोलायला लागतो.

तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागतोच असं नाही. घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. घरबसल्या ऑनलाइन पण होतं, आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती सुरू झालंय. कायद्यात निकालाला ३ महिने आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिने असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त वेळ जातो हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणूनच पत्र आणि हेल्पलाइनवर जोर द्या.

आणि बिलाच्या खाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असेल तर घाबरू नका, त्या ओळीने तुमचा हक्क जात नाही.


पंचवटी_इलेक्ट्रिकल

माझं छोटं दुकान आहे, मिक्सर-गिझर-वॉशिंग मशीन-पंखे. दुकानदारांची पण एक बाजू आहे ती ऐकून घ्या, मग मला जे बोलायचं ते बोला.

खोका खोललेला म्हणजे वापरलेला असं प्रत्येक वेळी नसतं. गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं चालवून दाखवा, काचेचं आहे, फुटलेलं निघालं तर कोण बघणार. आपण खोलतो, दाखवतो, मग घरून फोन येतो की रंग दुसरा आण, आणि माणूस निघून जातो. तो खोललेला खोका मग आमच्या गळ्यात. पुढचं गिऱ्हाईक टेप बघून म्हणतं हा जुना आहे. पाच मिनिटं चाललेल्या मिक्सरचं मी काय करायचं? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर कंपनी देत नाही, छोट्या दुकानदाराकडून तर परत पण घेत नाही.

दुसरं, मागच्या वर्षी एक बाई माझ्यावर खूप चिडल्या, वॉशिंग मशीनच्या पाइपमधून पाणी निघालं म्हणून. त्यांचं म्हणणं तुम्ही वापरलेलं मशीन दिलं. पण मशीन कारखान्यातून निघायच्या आधी पाणी भरून चालवून बघतात, त्यातलं थोडं आत राहतं. कंपनीच्या माणसाने येऊन सांगितलं तेव्हा पटलं, तोपर्यंत माझ्या दुकानात चार लोकांसमोर तमाशा झाला. म्हणून सांगतो, एका खुणेवरून कोणाला चोर ठरवू नका, दोन-तीन गोष्टी जुळतात का बघा.

पण ताई तुमच्या केसमध्ये २,९१४ तास आहेत. याला कुठलंही स्पष्टीकरण नाही, मी दुकानदार असून सांगतो. हे चुकीचं आहे आणि अशा लोकांमुळे आम्हाला प्रत्येक खोक्यासाठी शपथा घ्याव्या लागतात. माझ्याकडे खोललेला किंवा डिस्प्लेचा माल असेल तर मी बिलावर पेनाने लिहितो "डिस्प्ले पीस, गिऱ्हाइकास दाखवून दिला" आणि गिऱ्हाइकाची सही घेतो, पैसे पण कमी घेतो. लोक आनंदाने नेतात हो. सांगून विकलं तर नेतात, हे एवढ्या वर्षांत मला पक्कं कळलंय.


इंदिरानगरकर_९

मला वाटतं एवढं डोकं लावण्यात अर्थ नाही, टीव्ही चांगला चालतोय तर त्यांच्याकडून चार-पाच हजार मागून घ्या आणि विषय संपवा. कोर्टाच्या चकरा कोण मारणार, वडिलांचं वय बघा.


गोदाकाठची_लेक

इंदिरानगरकर, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतंय पण मला ते पटत नाही. एक तर एलईडी टीव्हीची मागची लाइट तासांनी झिजते, आणि दुकानात तो फुल्ल ब्राइटनेसवर चालतो, घरी आपण त्याच्या निम्म्यावर पण ठेवत नाही. माझे आईवडील दिवसाला चार तास बघतात, म्हणजे त्यांची दोन वर्षं आधीच कोणीतरी वापरून टाकलेली आहेत. दुसरं म्हणजे चार-पाच हजार मी मागायला लागले तर ती घासाघीस झाली, आणि मला घासाघीस नाही करायची. त्यांनी दुकानातच सांगितलं असतं की डिस्प्ले आहे, ४५ ला देतो, तर वडिलांनी कदाचित घेतला पण असता. त्यांना ठरवूच दिलं नाही याचा मला राग आहे. आईने ज्याला कुंकू लावलं ती वस्तू कोणीतरी पुसून खोक्यात भरलेली होती, हे मनातून जात नाहीये.

कार्यकर्ते काका, पंचवटीचे दादा, काउंटरवाले दादा, बंडूदादा सगळ्यांचे खूप आभार. व्हिडिओ काढला, होम मोड केला. वडिलांना काकांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण रात्री उठून कपाटातली फाइल काढली. त्यांच्याकडे १९९४ च्या फ्रिजपासूनची त्या दुकानाची सगळी बिलं आहेत, एकावर एक, पंचिंग करून.


मोबाइल_शिकलेला

जाता जाता मोबाइलचं पण सांगतो कारण सेम प्रकार होतो. मी मेन रोडला एका दुकानातून फोन घेतला, सील व्यवस्थित होतं असं मला वाटलं, घरी येऊन कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकला तर वॉरंटी चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली. म्हणजे कोणीतरी आधी चालू केलेला. परत गेलो, अर्ध्या तासात बदलून दिला, एक शब्द न बोलता, म्हणजे त्यांना माहीत होतं. तेव्हापासून मी काउंटर सोडायच्या आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, बघतो, तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळवतो आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख तिथेच उभं राहून बघतो. केवायएम लिहून, एक जागा सोडून आयएमईआय नंबर टाकून १४४२२ ला मेसेज केला की तो नंबर खरा आहे का, कुठल्या मॉडेलचा आहे ते सरकारी यंत्रणेकडून कळतं. सगळ्याला मिळून पाच मिनिटं. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू द्या.


गोदाकाठची_लेक

अपडेट देतेय, जरा उशीर झाला.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवलं, वडिलांच्या सहीने. १९१५ ला फोन केला, बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, डॉकेट नंबर दिला. कंपनीला ईमेल केला आणि त्यात जॉबशीटचा फोटो जोडला. चौथ्या दिवशी दुकानातून फोन आला, आधी म्हणाले दोन वर्षांची एक्स्ट्रा वॉरंटी फ्री देतो. मी नाही म्हटलं. मग म्हणाले साउंडबार देतो. त्यालाही नाही म्हटलं. शेवटी मालकच बोलले, म्हणाले काकांना घेऊन या, समोरासमोर बोलू.

मला वाटलं होतं वडील येणार नाहीत. पण ते स्वतः ती फाइल काखेत घेऊन निघाले. दुकानात गेल्यावर त्यांनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही. फाइल काउंटरवर ठेवली, फ्रिजचं बिल काढून दाखवलं, त्यावर मालकाच्या वडिलांची सही आहे, आणि एवढंच म्हणाले की बाळा, हे बिल मी इतकी वर्षं जपलं कारण मला कधी ते बाहेर काढायची वेळच आली नव्हती. मालक बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले. मग म्हणाले काका, माझ्या माहितीत नव्हतं. मला ते खरं वाटत नाही, पण वडिलांना वाटलं आणि मी तिथे काही बोलले नाही.

पाच दिवसांनी नवा सेट आला. या वेळी टेप आमच्यासमोर कापली, कंपनीचा टेक्निशियन हजर होता, त्याने तास दाखवले, १ होता. जॉबशीटवर लिहून घेतलं. नव्या बिलावर मालकांनी स्वतःच्या हाताने "पेटीपॅक" लिहून शिक्का मारला. दुकान आणि कंपनीने काय केलं ते हेल्पलाइनला कळवलं. आईने परत हळदकुंकू लावलं, या वेळी सकाळची पूजा आटोपून, घाई न करता.

काका, आयोगात जायची वेळ आली नाही, पण तुम्ही कलम आणि मुदत नीट लिहून दिल्यामुळे पत्रात ते टाकता आलं आणि मला वाटतं त्यानेच फरक पडला.

एक गोष्ट मात्र डोक्यात राहिलीय. तो डिस्प्लेचा सेट दुकानाची मुलं खोक्यात घालून घेऊन गेली तेव्हा मी विचारलं याचं काय करणार, तर म्हणाली माहीत नाही ताई. काउंटरवाले दादा, तो आता कुठे जातो? परत कोणाच्या तरी घरी नवीन म्हणून तर जाणार नाही ना?


काउंटरवर_सहा_वर्षं

वडिलांना माझा नमस्कार सांगा. खरं बोलायचं तर जाऊ शकतो. कंपनीकडे नोंद झालीय आणि तुमच्या बिलावर तो सिरियल नंबर एकदा चढलाय, त्यामुळे लगेच नवा म्हणून काढणं अवघड जाईल. बहुतेक परत भिंतीवर लागेल, किंवा आत ठेवतील आणि जानेवारीत स्टॉक क्लिअरन्सला काढतील, २६ जानेवारीच्या सेलला असे पीस निघतात. तेव्हा त्यावर डिस्प्लेचं स्टिकर लावतात की नाही ते बघायला लागेल.


गोदाकाठची_लेक

त्याचा सिरियल नंबर माझ्याकडे लिहिलेला आहे. आज मालकांना मेसेज करून विचारलंय की खोक्यावर मार्करने "डिस्प्ले पीस" लिहून त्याचा फोटो पाठवा. अजून उत्तर आलेलं नाही. २६ जानेवारीला मी आणि वडील दुकानात जाऊन बघून येणार आहोत, मग इथे सांगते.